मसाल्यातली कोथिंबीर

बोरीवली स्टेशनच्या पश्चिमेला भाजीवालीकडे 'दहाचा मसाला द्या' म्हटलं की चार-सहा हिरव्या मिरच्या, आल्याचा तुकडा, कढीपत्त्याची डहाळी आणि मूठभर कोथिंबीर मिळते. लग्न होऊन मी बोरीवलीच्या बाभईत आले तेव्हा या मसाल्याला पैसे पडत नसत. अर्धा किलो गवार घेतली की पिशवी मिटायच्या आत भाजीवाली आपणहून वर चार काड्या टाकायची. आमच्या सासूबाई तो गिऱ्हाइकाचा हक्क मानत. मला तो त्या बाईचा शहाणा व्यवहार वाटतो. तिला तो परवडे, कारण तिची वाडी जवळ होती.

बोरीवलीच्या उत्तरेला वसईच्या वाड्या, पश्चिमेला खाडीपल्याड गोराई आणि मनोरी. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेकडे पहिली लोकल निघाली, तेव्हा वाटेतल्या स्थानकांत बोरीवली होतं. त्या रुळांनी वसईची केळी, पानं, भाज्या मुंबईच्या दाराशी आणून ठेवल्या. बोरीवली स्वतः १९५७ मध्ये महापालिकेत आली. तोवर शिंपोली, एकसर, वझिरा ही भातशेतीची गावंच होती. गोराईच्या बायका पाट्या होडीत ठेवून खाडी ओलांडायच्या आणि जेट्टीवरून बाजार गाठायच्या. सकाळी उपटलेली जुडी दुपारच्या आमटीत पडायची. संध्याकाळी उरलेली जुडी परत नेऊन उपयोग नसे. त्यापेक्षा ती गिऱ्हाइकाला वाटून टाकावी आणि त्याने उद्या आपल्याकडेच यावं, असा तो हिशेब.

पिकवायला मात्र कोथिंबीर वाटते तितकी सोपी नाही. आमची गोराईची मावशी सांगायची, 'अख्खा धणा पेरू नको गो बाय.' एका धण्यात दोन बिया असतात. धणे फळीखाली नाहीतर जाड चपलेखाली रगडून त्यांच्या दोन डाळी करायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि मग वाफ्यात पेरायच्या. जोर जास्त झाला तर चुरा होतो, कमी पडला तर धणा तसाच राहतो. आठ-दहा दिवसांनी आधी दोन साधी लांबट पानं वर येतात, कातरलेलं पान त्यानंतर. सव्वा-दीड महिन्यात जुडी तयार. ऊन तापलं की झाड लगेच फुलावर जातं, आणि पाणी साचलं की देठ सडतो.

साष्टीचा हा पट्टा सुमारे दोनशे वर्षं पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि ते संपलं. मिरची पोर्तुगीजांनी आणली. कोथिंबीर इथे आधीपासून होती. पाणिनीच्या सूत्रात 'कुस्तुंबुरु' येतो. युरोपात ताजी कोथिंबीर मनापासून खाणारे फार नाहीत, पण पोर्तुगीज खातात. त्यांच्या आलेंतेजू प्रांतात लसूण, कोथिंबीर आणि ऑलिव्ह तेल वाटून त्यात पाव भिजवतात. तेव्हा आमच्या हिरव्या वाटणाचं त्यांना नवल वाटलं नसावं. आयसी कॉलनीतल्या आणि गोराईतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत आजही उन्हाळ्यात वर्षाचा बाटली मसाला होतो. मिरची, हळद आणि कितीतरी जिन्नसांबरोबर धणे भाजून कुटले जातात आणि तो मसाला काळ्या-तपकिरी बाटल्यांत ठासून भरला जातो. धणे भाजले जात असतात त्या दिवशी गल्लीत शिरल्याबरोबर कळतं.

कोथिंबिरीच्या इतिहासात लोकलच्या महिला डब्याचं नाव कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरीवली पहिली महिला विशेष गाडी सुरू झाली. त्याच्याही आधीपासून आम्ही नोकरदार बायका परतीच्या प्रवासात भाजी निवडत असू. मांडीवर वर्तमानपत्र पसरायचं, जुडीचा दोरा सोडायचा, पिवळी पानं आणि मातीची मुळं एका पिशवीत, कोवळे देठ आमटीसाठी बाजूला. कोथिंबीर गाडीत धुवायची सोय नव्हती, आणि तेच बरं. कोरडी निवडून कागदात गुंडाळली की डब्यात आठवडाभर टिकते. कांदिवली आली की कागद घडी व्हायचा. घरी पोचल्यावर स्वयंपाकाचा अर्धा तास वाचलेला असायचा. तो अर्धा तास आम्ही कुणाकडून मागून घेतला नव्हता.

औषध म्हणून सासूबाईंचा भर धण्यांवर. उन्हाळी लागली की भरडलेले धणे रात्रभर पाण्यात, सकाळी गाळून खडीसाखर. आयुर्वेद त्याला धान्यक हिम म्हणतो. उन्हाळ्यात मी अजून ते करते. पण धण्याच्या पाण्याने थायरॉइड जातो असं सांगून कुणी गोळी बंद करायला लावत असेल तर त्याचं ऐकू नये.

१९९६ मध्ये भायखळ्याचा घाऊक भाजीबाजार वाशीला गेला. कोथिंबीर आता मुख्यतः नाशिक आणि पुणे जिल्ह्यांतून रातोरात ट्रकने येते. भाव पडला की तिथला शेतकरी उभ्या पिकात गुरं सोडतो, आणि श्रावणात पाऊस लागून राहिला की तीच जुडी इथे हातात घ्यायची भीती वाटते. ज्या भाजीवालीने पहाटे ती रोख पैसे मोजून आणली, तिने ती फुकट कुठून द्यायची?

मे २०२४ मध्ये मुंबईतल्या एका आईला ॲपवर कोथिंबिरीचे पैसे पडल्याचा धक्का बसला. तिच्या मुलाने ते जाहीरपणे लिहिलं आणि ब्लिंकिटने भाज्यांच्या खरेदीवर ठरावीक कोथिंबीर मोफत द्यायला सुरुवात केली. रस्त्यावरच्या बाईची जुनी रीत एवढ्या मोठ्या कंपनीला उचलावी लागली, याचा मला आनंद झाला. पण कंपनी तो खर्च बाकीच्या मालात वळता करून घेते. बाईच्या पाटीत वळते करायला असतं काय? म्हणून श्रावणात मी मसाला मागताना आधी 'केवढ्याचा देतेस' असं विचारते आणि सांगेल ते पैसे देते. मार्गशीर्षात जुडी स्वस्त झाली की दोन घेऊन वड्या उकडते, आणि तेव्हा ती आपणहून चार मिरच्या वर टाकते.