मधली रेघ

इंग्लंडच्या फुटबॉलचे नाव काढले, की आपल्या डोळ्यांपुढे मँचेस्टर, लिव्हरपूल, आर्सेनल अशी बडी बडी नावे उभी राहतात. लग्नघरी सगळ्यांचे लक्ष व्याह्यांच्या पंगतीकडे असावे, तसेच हे. मला मात्र मागल्या पंगतीतल्या मंडळींचे कुतूहल फार. जुन्या हंगामांचे तक्ते चाळण्याचा मला नादच आहे. या तक्त्यांच्या तळाशी सदतीस वर्षे एक जोडनाव भेटत राहते : ‘तिसरा विभाग, उत्तर’ आणि ‘तिसरा विभाग, दक्षिण’. पहिला विभाग एक, दुसराही एक. मग तिसऱ्याच्याच दोन वाटण्या का? याचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा ध्यानात आले, की ही गोष्ट चेंडूची थोडी आणि आगगाडीच्या भाड्याचीच अधिक आहे.

फुटबॉल लीग स्थापन झाली १८८८ साली. तिचा प्रवर्तक विल्यम मॅग्रेगर हा बर्मिंगहॅममधला एक कापडदुकानदार. पहिले सभासद बारा, आणि ते सारे लँकेशायरचे व मध्य इंग्लंडचे. दक्षिणेतला एकही नाही! १८९२ मध्ये दुसरा विभाग निघाला. दक्षिणेतल्या बहुतेक क्लबांची चूल तोवर वेगळीच होती. ‘सदर्न लीग’ म्हणून त्यांची स्वतंत्र स्पर्धा चाले. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९२० मध्ये, त्या स्पर्धेचा वरचा वर्ग जवळजवळ सगळाच उचलून लीगने आपला तिसरा विभाग केला. मग उत्तरेकडची छोटी गावे गप्प कशी बसतील? पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, त्यांच्यासाठी वीस क्लबांचा उत्तर विभाग निघाला आणि आधीचा विभाग बावीस क्लबांचा दक्षिण विभाग झाला. इंग्लंडच्या नकाशावर अशी एक आडवी रेघ ओढली गेली.

या रेघेमागे व्यवहार होता. लहान क्लबाची सारी मिळकत म्हणजे दारावर जमणारा तिकिटांचा गल्ला. त्यातून खेळाडूंचे पगार द्यायचे, मैदान राखायचे आणि एक आड एक सामन्याला परगावी जायचे. शेजारच्या गावाशी सामना असला, की भाडे वाचते. शिवाय त्या गावचे लोकही सामना पाहायला येतात. अ‍ॅक्रिंग्टन आणि नेल्सन ही लँकेशायरमधली कापडगिरण्यांची गावे. दोहोंत अंतर दहाएक मैलांचे. अशा गावांची चुरस म्हणजे भाऊबंदकीच म्हणा ना! दक्षिणेत मात्र ही सोय तितकीशी नव्हती. पश्चिम टोकाच्या प्लिमथला पूर्वेकडच्या नॉरिचशी खेळायचे, तर सारा देश आडवा ओलांडावा लागे.

सणावाराला तर या शेजाराला रंगच चढे. नाताळचा दिवस आणि दुसरा दिवस, अशी लागोपाठ त्याच दोन संघांची गाठ घालून देण्याची त्या काळी वहिवाट होती. १९३५ च्या नाताळात ओल्डहॅमने आपल्या घरी ट्रॅनमिअर रोव्हर्सला ४-१ असे हरवले. दुसऱ्या दिवशी ट्रॅनमिअरने आपल्या अंगणात त्याची व्याजासकट परतफेड केली : १३-४! एकट्या बनी बेलने नऊ गोल केले, आणि वर एक पेनल्टी दवडली ती वेगळीच. लीगच्या एका सामन्यात सतरा गोल, हा उच्चांक आजही अबाधित आहे. बेलचा विक्रम मात्र चार महिनेही टिकला नाही. १९३६ च्या ईस्टर सोमवारी, दक्षिण विभागात, ल्यूटनने ब्रिस्टल रोव्हर्सवर १२-० असा विजय मिळवला. जो पेन नावाचा खेळाडू त्या दिवशी प्रथमच आघाडीच्या मधल्या जागी खेळत होता. त्याने दहा गोल केले! लीगमध्ये एका सामन्यात इतके गोल अजून दुसऱ्या कोणी केलेले नाहीत. मागल्या पंगतीतही पक्वान्न मिळते, ते असे.

पण या व्यवस्थेची दुसरी बाजू कठोर होती. वर जाण्याचे दार फार अरुंद होते. दर विभागातून फक्त अव्वल संघालाच बढती मिळे. दुसऱ्या क्रमांकाच्या पदरात काही नाही. प्लिमथ अर्गाइलची कथा ऐका. १९२१-२२ पासून १९२६-२७ पर्यंत, लागोपाठ सहा हंगाम, हा संघ दुसरा आला! पहिल्या वर्षी तर साउदॅम्प्टनचे आणि त्यांचे गुण सारखेच होते. गोलांच्या सरासरीने घात केला. अखेर १९३० मध्ये प्लिमथची तपश्चर्या फळाला आली.

वरचे दार असे अरुंद, तर खालचे दार सदा किलकिले. तळाच्या दोन क्लबांना दरसाल लीगपुढे हात जोडून, पुन्हा निवडून घ्या, अशी विनंती करावी लागे. सभेत मते पडत. ज्यांच्या गावात पैसा होता, त्यांना फारशी चिंता नसे. पण कोळशाच्या खाणींना व गिरण्यांना मंदीने ग्रासले होते, अशा गावांचे काय? वेल्समधल्या खाणपट्ट्यातले अ‍ॅबरडेअर १९२७ मध्ये गेले, मर्थर १९३० मध्ये. उत्तरेत डरॅम सिटी १९२८ मध्ये आणि अ‍ॅशिंग्टन १९२९ मध्ये गेले. याच अ‍ॅशिंग्टनने पुढे बॉबी आणि जॅक हे चार्ल्टन बंधू जगाला दिले. पण गावाचा क्लब लीगमध्ये परतला नाही. नेल्सनचे भाग्य तर नाटकातल्यासारखे पालटले. १९२३ मध्ये उत्तर विभागाचे विजेतेपद. त्याच साली स्पेनमध्ये रेआल माद्रिदवर विजय. आणि १९३१ मध्ये मतदानात हार. आपल्या क्रिकेटप्रेमी वाचकांना लिअरी कॉन्स्टंटाइन माहीत असेल. वेस्ट इंडीजचा हा मोहरा त्याच सुमारास नेल्सनच्या क्रिकेट क्लबाकडून खेळत होता. गावात एक खेळ बहरत होता, आणि दुसरा कोमेजत होता.

रेघेवरच वसलेल्यांची तऱ्हा आणखी निराळी. मध्य इंग्लंडातले वॉल्सॉल आधी उत्तरेत, मग दक्षिणेत, पुन्हा उत्तरेत, पुन्हा दक्षिणेत असे फिरत राहिले. बदलीच्या नोकरीतला कारकूनही इतका हिंडत नसेल! पण याच वॉल्सॉलने १९३३ च्या जानेवारीत, उत्तर विभागात असताना, एफ. ए. कपात बलाढ्य आर्सेनलला २-० असे लोळवले.

१९५८ मध्ये ही रेघ पुसली गेली. दोन्ही विभागांतल्या वरच्या अर्ध्यांचा एक तिसरा विभाग झाला आणि खालच्या अर्ध्यांचा चौथा. दोन्ही अखिल देशाचे. बढतीची दारे रुंदावली, हे न्यायाचेच झाले. पण लहान क्लबांचे प्रवास लांबले. अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली हा क्लब उत्तर विभागाच्या अखेरच्या हंगामात दुसरा आला होता. दोनच वर्षांत तो चौथ्या विभागात घसरला आणि मार्च १९६२ मध्ये कर्जापायी लीगमधून बाहेर पडला. सगळा दोष प्रवासाच्या माथी मारणे खरे नव्हे. सैनिकी कवायतींच्या मैदानावरचा जुना प्रेक्षकमंडप विकत घेण्यासारखे खर्चही क्लबाने अंगावर ओढून घेतले होते. तथापि ज्याची कमाई तोकडी, त्याला प्रत्येक मैल मोजावा लागतो, हेही तितकेच खरे. १९६८ मध्ये त्याच नावाने नवा क्लब उभा राहिला आणि २००६ मध्ये लीगमध्ये पोचला. म्हणजे गावाने आपले नाव परत मिळवायला चव्वेचाळीस वर्षे घेतली!

आणि रेघ? तीही गेली नाही. २००४ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या सहाव्या पायरीवर ती पुन्हा उमटली. आज ‘नॅशनल लीग नॉर्थ’ आणि ‘नॅशनल लीग साउथ’ असे प्रत्येकी चोवीस क्लबांचे दोन विभाग तेथे नांदत आहेत. फरक इतकाच, की आता विजेत्याच्या जोडीला आणखी एका क्लबाला वर जाता येते. जुन्या व्यवस्थेचा गुण ठेवला आणि दोष बराच काढला.

मला वाटते, १९२१ ची ती रेघ वाईट नव्हती. तिच्यालगतचे दार अरुंद होते, हे वाईट होते. लहानांना शेजार मिळावा आणि वर जायची वाटही मिळावी, एवढे साधले म्हणजे झाले. दोन्ही एकदम देणे अवघड असते. त्या प्रयत्नातच एका खेळाची शंभर वर्षे गेली.