पितळेची पुंगळी आणि चिंचेचे पाणी

गिरगावात श्रावण उजाडला की समया, निरांजने आणि तांब्याचे गडवे फळीवरून खाली उतरतात. दादोबा वामन खोत यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खोताच्या वाडीतील ख्रिस्ती घरांत हेच काम नाताळच्या आधी निघते. चिंचेचा कोळ, लिंबाची साल, कोकणातून आलेली आमसुले आणि चिमूटभर मीठ एवढ्या सामग्रीवर काळवंडलेले पितळ उजळते. बंदुकीतून झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा वापरण्याजोगी करताना नेमके हेच रसायनशास्त्र कामी येते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

काडतुसाच्या पितळेत साधारण ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असते. हे मिश्रण लवचिक असते. गोळी सुटताना पुंगळी क्षणभर फुगून नळीच्या मागील कोठीला घट्ट चिकटते व वायू मागे येऊ देत नाही; दाब ओसरताच ती किंचित आक्रसते, म्हणून सहज बाहेर काढता येते. पोलादाच्या मानाने पितळ महाग, पण या गुणामुळे व ते पुन्हा पुन्हा वापरता येत असल्यामुळे त्याची जागा टिकून आहे. अमेरिकेत व युरोपच्या काही भागांत हौशी नेमबाज घरीच पुंगळ्या पुन्हा भरतात. अर्थात सर्वच पुंगळ्या त्यास योग्य नसतात. नेमबाजी संकुलांत सर्रास दिसणाऱ्या पॉइंट टू टू काडतुसात पेट घेणारे रसायन बुडाच्या काठातच भरलेले असते. ते एकदा झडले की पुंगळी भंगारात जाते.

सफाईचा हेतू चकाकी हा नव्हे. काजळी व वाळूचे कण राहिले तर पुंगळीला आकार देणाऱ्या साच्यावर ओरखडे उठतात, आणि काजळीखाली लपलेली बारीक चीर दिसत नाही. प्रथम बुडातील वापरलेली टोपी काढतात. नंतर पुंगळ्या गरम पाण्यात साबण व थोडे सायट्रिक आम्ल, म्हणजे आपले लिंबूसत्त्व, घालून काही मिनिटे ठेवतात. दुसरी पद्धत कोरडी: थरथरणाऱ्या भांड्यात मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भरडा घालून त्यात पुंगळ्या तासन्‌तास घुसळल्या जातात. अलीकडे पोलादी टाचण्यांसह पाण्यात घुसळण्याची रीतही रूढ झाली आहे. शेवटी स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण वाळवणे आवश्यक. आत ओल राहिली तर दारू निकामी होते.

आम्ल अधिक वेळ ठेवले तर काय होते, हे कोणतीही गृहिणी सांगेल. पितळ पिवळे होण्याऐवजी तांबूस दिसू लागते. जस्त तांब्यापेक्षा आधी विरघळते आणि पृष्ठभागावर तांब्याचा पातळ थर उरतो. समईच्या बाबतीत हा केवळ रंगाचा प्रश्न असतो. पुंगळीच्या बाबतीत तो धातू दुबळा झाल्याचा इशारा ठरू शकतो.

खरा शत्रू मात्र अमोनिया. त्याची कथा आपल्याच देशातली आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात, एकही गोळी न झाडता, साठ्यातच तडकू लागली. हे पावसाळी मोसमात घडे, म्हणून इंग्रजीत या दोषाला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव पडले. काडतुसे तबेल्यांत ठेवलेली असत आणि घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसत असे. थंड स्थितीत ओढून घडवलेल्या पुंगळीत ताण शिल्लक असतो. अमोनिया धातूच्या कणांमधील सांध्यांत शिरतो आणि तेथून ती फाटते. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये याचा उलगडा केला. मंद आचेवर तापवून हा ताण घालवणे, हा त्यावरचा उपाय. म्हणूनच अमोनियायुक्त पॉलिश घरातील दाराच्या कडीला चालले, तरी पुंगळीला वर्ज्य मानले जाते. जाता जाता एक नोंद: कल्हईवाला वापरतो तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. कथील फिरवून झाल्यावर तो भांडे लगेच पाण्यात बुडवतो, ही सवय शास्त्राला धरूनच आहे.

याहून गंभीर बाब शिशाची. बहुतेक काडतुसांच्या टोपीत शिशाचे संयुग असते आणि झाडल्यावर ते काजळीत मिसळते. कोरड्या भरड्यात घुसळलेल्या पुंगळ्या चाळताना उडणारी धूळ श्वासावाटे शरीरात जाते. लहान मुलांच्या मेंदूला ती विशेष घातक. म्हणून हे काम स्वयंपाकघरात करू नये, त्यासाठी वापरलेले पातेले पुन्हा अन्नासाठी घेऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत, असे जाणकार बजावतात.

आपल्याकडे मात्र हा घरगुती छंद होऊ शकत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. काडतूसनिर्मितीची महाराष्ट्रातील परंपरा मोठी आहे: खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, तर जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा १९६४ चा. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत. लष्करात झाडलेल्या पुंगळ्या मोजून परत जमा कराव्या लागतात. सराव संपला की जवान गवतातून त्या वेचत बसतात.

पितळेला भंगारात भाव मिळतो आणि तेथेच जीव जातात. नगरजवळील के. के. रेंज या लष्करी सराव क्षेत्राच्या परिसरात धातू गोळा करताना स्फोट होऊन ग्रामस्थ दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. जुन्या घराची आवराआवर करताना एखादे काडतूस हाती लागलेच, तर बुडाच्या टोपीवर खळगा दिसला म्हणून ते रिकामे आहे असे समजू नये. घोडा पडूनही बार न उडालेल्या काडतुसावर तसाच खळगा असतो. तोंडाशी गोळी बसलेली असेल तर ते न घासता, न तापवता, आहे तेथेच ठेवावे व पोलीस ठाण्यास कळवावे.