कीबोर्डाला आवाज हवा

गेल्या दिवाळीत अप्पांनी मागितलं ते एवढंच : "मला आवाज येणारा कीबोर्ड आण. अक्षर उमटलं की नाही, ते बोटाला कळलं पाहिजे."

अप्पा सोलापूरच्या कोर्टाबाहेर बसून मराठी टायपिंग करायचे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, अर्ज. आता मधुमेहाने नजर अधू झालीय आणि त्यांना आठवणी लिहायच्यात. मोबाइलच्या काचेवर बोट कुठं पडलं ते त्यांना दिसत नाही. माझ्या लॅपटॉपच्या चपट्या कळा त्यांच्या बोटांना काहीच सांगत नाहीत.

टाइपरायटरचा आवाज कुणी मुद्दाम तयार केला नव्हता. कळ दाबली की लोखंडी दांडी उसळून शाईच्या फितीवर आपटायची, त्याचाच तो आवाज. ऐकू आला म्हणजे अक्षर कागदावर गेलं. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला आणि पुढची कित्येक वर्षं आपली कोर्टं, कचेऱ्या याच खडखडाटात चालली.

संगणकात आपटायला दांडीच नाही. तरी १९८५च्या सुमारास आयबीएमने 'मॉडेल एम' कीबोर्डात प्रत्येक कळीखाली स्प्रिंग बसवली. कळ ठरावीक खोलीवर गेली की स्प्रिंग वाकते, खट् वाजतं आणि त्याच क्षणी अक्षराची नोंद होते. ही बोटाला मिळालेली पावतीच.

आयबीएम सोलापूरकराला तशी परकी नाही. आपल्या चादरीवरची नक्षी जेकार्डवर विणली जाते. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून यंत्राला कळतं, ताण्याचे कोणते धागे उचलायचे. फ्रान्समध्ये जाकारने १८०४च्या आसपास हे यंत्र बनवलं. पुढे १८९०च्या अमेरिकी जनगणनेत हॉलरिथच्या यंत्रांनी भोकांच्या कार्डांवरूनच माणसं मोजली. त्या हॉलरिथची कंपनी नंतर आयबीएमचा भाग झाली.

पण मूळ मॉडेल एम मिळाला असता तरी अडचण होतीच. त्यावर विंडोजची कळ नाही, कारण ती १९९०च्या दशकात आली. ₹ नाही, कारण ते चिन्ह सरकारने २०१० साली स्वीकारलं. अमेरिकेतली युनिकॉम्प कंपनी तीच स्प्रिंग ठेवून नव्या कळांचे कीबोर्ड बनवते, पण तिथून मागवणं मला परवडणारं नव्हतं.

नवी पेठेत मित्राच्या दुकानात गेलो. "गेमिंगला पाहिजे का बे?" त्याने रंगीत दिव्यांचे कीबोर्ड पुढे केले. अप्पांचं सांगितल्यावर हसला आणि स्वतःच्या बिलिंगच्या टेबलावरचाच कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. टीव्हीएस गोल्ड. तुम्हीही तो पाहिला असेल, मेडिकलच्या काउंटरवर नाहीतर तिकिटाच्या खिडकीत. जाडजूड, जुन्या वळणाचा. अनेक वर्षं त्यात जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे, खट् वाजणारे स्विच असत. त्याच्याच 'भारत' मॉडेलवर ₹ची कळ आहे, विंडोजचीही आहे. मी अख्खं इंटरनेट पालथं घातलं होतं आणि वस्तू रोज औषधं घेताना समोर वाजत होती.

घरी खरी अडचण पुढेच होती. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट मांडणी मिळते. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती १९८०च्या दशकात ठरवली आणि १९९१च्या भारतीय मानकात ती आली. कळांच्या जागा मी अप्पांना वाचून दाखवल्या. त्यांनी पहिला शब्द लिहायला घेतला : 'विनंती'. अर्ज लिहिणारा माणूस दुसरं काय लिहिणार? पण टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, कारण कागदावर ती डावीकडे येते. इथे आधी अक्षर, मग वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतो तसं. पडद्यावर वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर लटकली आणि शेजारी 'व' उघडाच राहिला. मी वाचून दाखवलं. अप्पा गप्प झाले.

"आयुष्यभराचा हात चुकीचा ठरला की रे."

जुन्या मांडणीचं सॉफ्टवेअर टाकून देतो म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. "आवाज आहे ना? मग शिकतो."

पंधरा दिवसांनी त्यांनी मला शेजारी बसवलं आणि 'सोलापूर' लिहिलं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. स उजवीकडे, ओकार डावीकडे, ल उजवीकडे, काना डावीकडे, प, ऊकार, र. सात खटके आणि हात एकदाही लागोपाठ तोच नाही. तुम्हीही करून पाहा.

"धोटा फिरतोय बघ," अप्पा म्हणाले. लहानपणी त्यांनी मागावर कांड्या भरल्या होत्या.

आता रोज पहाटे आतल्या खोलीतून आवाज येतो. मध्येच थांबला तर मी कान देऊन पडून राहतो. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू होतो.