कोयना भूकंप आणि भू-यामिकीतील संशोधन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात झालेल्या भूकंपाने कोयनानगर व परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली. या भूकंपाची महत्ता ६.३ होती. मृतांची संख्या पावणेदोनशे ते दोनशेच्या दरम्यान नोंदविली गेली असून जखमींची संख्या दीड हजारांच्या वर होती. घडीव नसलेला दगड, मातीचा गिलावा आणि वर जड छप्पर अशी त्या भागातील घरांची रचना होती. लोक झोपेत असताना ही घरे कोसळल्याने हानी वाढली. कोयनेची वीज बंद पडल्याने मुंबईच्या उद्योगांनाही त्याचा फटका बसला.

या घटनेविषयी मराठीत जे लेखन झाले, त्यातील बहुतांश आपत्ती, मदतकार्य व पुनर्वसन यांच्याशी संबंधित आहे आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र खडक व माती यांच्यावर बलांचा कोणता परिणाम होतो याचा अभ्यास करणाऱ्या भू-यामिकी या शास्त्राच्या इतिहासातही कोयनेला मोठे स्थान आहे. ‘धरणामुळे भूकंप झाला का?’ हा जनतेने विचारलेला सरळ प्रश्न शास्त्रज्ञांना आहे त्या स्वरूपात सोडविता आला नाही; तो बदलून घ्यावा लागला. हा बदल कसा घडत गेला, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

भूकंपापूर्वीची समजूत

दख्खनचे पठार हा भारतीय द्वीपकल्पाचा स्थिर भाग आहे, अशी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दृढ समजूत होती. हिमालयाचा पायथा, आसाम आणि कच्छ हे भूकंपप्रवण, तर दक्षिणेकडील बसाल्टचा प्रदेश निर्धोक, अशी ही विभागणी होती. कोयना धरणाची उभारणी याच समजुतीच्या काळात झाली. १०३ मीटर उंचीचे हे धरण मोठे दगड व काँक्रीट एकत्र वापरून बांधलेले गुरुत्व धरण आहे, म्हणजे पाण्याचा रेटा ते स्वतःच्या वजनावर पेलते. त्याच्या शिवाजीसागर जलाशयाची मूळ साठवणक्षमता सुमारे ९८ टीएमसी इतकी होती. भूकंपाचा विचार आराखड्यात अगदीच नव्हता असे म्हणता येत नाही. धरणाच्या वजनाच्या ५ टक्के इतके आडवे बल गृहीत धरण्यात आले होते आणि त्या काळच्या ज्ञानानुसार ते सावधपणाचेच होते.

१९६२ मध्ये जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर परिसरात हादरे जाणवू लागले आणि जमिनीतून आवाज येत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांकडून होऊ लागल्या. या तक्रारी भीतीपोटी केलेल्या म्हणून बाजूला सारल्या गेल्या नाहीत, ही बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे. १९६३ पासून खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राच्या सहभागाने परिसरात भूकंपमापक यंत्रे बसविण्यात आली. धरणाच्या आतील मार्गिकेत जमिनीचे त्वरण नोंदविणारे यंत्रही ठेवण्यात आले. १३ सप्टेंबर १९६७ रोजी ५ पेक्षा अधिक महत्तेचा धक्का बसला आणि तीन महिन्यांनी मुख्य भूकंप झाला, तेव्हा ही यंत्रे चालू होती. पुढील सर्व संशोधन ज्या नोंदींवर उभे राहिले, त्या नोंदी या पूर्वतयारीमुळेच उपलब्ध झाल्या. विज्ञानाच्या इतिहासात सिद्धांत मांडणाऱ्यांची नावे टिकतात, यंत्राची निगा राखणाऱ्यांची टिकत नाहीत. कोयनेचा इतिहासही याला अपवाद ठरलेला नाही.

एक नोंद आणि दोन विद्यापीठे

धरणाच्या १-अ या खंडातील यंत्राने नोंदविलेला त्वरणलेख अनपेक्षित होता. धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट आणि उभ्या दिशेने ०.३४ पट इतके कमाल त्वरण त्यात आढळले. आराखड्यातील ०.०५ या अंकाशी या आकड्यांची थेट तुलना अनेकदा केली जाते. अशी तुलना पूर्णतः योग्य नाही. पहिला अंक स्थिर बल म्हणून संपूर्ण धरणावर सारखाच लावला जातो, तर दुसरा क्षणमात्र टिकणारे शिखर दाखवितो. असे असले तरी दोहोंमधील तफावत दुर्लक्ष करण्याइतकी लहान नव्हती.

धरण कोसळले नाही. तथापि अनेक उंच खंडांवर आडव्या भेगा पडल्या आणि त्या मुख्यतः एका विशिष्ट उंचीच्या आसपास होत्या. खालच्या बाजूच्या पृष्ठभागाचा उतार जेथे एकदम बदलतो, ती ही जागा होय. कोयना धरणाचा छेद नेहमीच्या त्रिकोणी छेदापेक्षा वेगळा असून त्याचा वरचा भाग जड आहे आणि उतार बदलतो तेथे जणू मान तयार झाली आहे. पायाशी हादरा बसला की उंच बांधकाम लवचीक काठीप्रमाणे डोलते व माथ्याकडे हालचाल वाढत जाते. जड माथ्याचा हा झोका मानेवर येतो. संपूर्ण उंचीवर एकसारखे बल धरणाऱ्या जुन्या गणितात हे दिसणे शक्यच नव्हते.

रुरकी विद्यापीठात १९६० मध्ये प्रा. जयकृष्ण यांच्या नेतृत्वाखाली भूकंप अभियांत्रिकीचे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले होते. तेथील संशोधकांनी कोयनेच्या नोंदीचे व धरणाच्या वर्तनाचे विश्लेषण हाती घेतले. दुसरीकडे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत प्रा. अनिल चोप्रा व पी. चक्रबर्ती यांनी १९७३ मध्ये धरणाचे संगणकीय विश्लेषण प्रसिद्ध केले. धरणाच्या छेदाचे लहान लहान घटकांत विभाजन करून प्रत्यक्ष नोंदविलेला हादरा त्या प्रतिरूपाला देण्यात आला. तेव्हा मानेजवळ निर्माण होणारे ताण काँक्रीटच्या सामर्थ्याहून पुष्कळ अधिक असल्याचे दिसून आले. भेगा जेथे पडल्या होत्या, गणितानेही तीच जागा दाखविली. त्यानंतर काँक्रीटमधील भेगांच्या वाढीचे नवे प्रतिरूप मांडणारे संशोधक ते कोयना धरणावर पडताळून पाहू लागले. आजही अभियांत्रिकी विश्लेषणाच्या एका सुप्रसिद्ध संगणक-प्रणालीच्या उदाहरणसंग्रहात कोयना धरण आढळते. पाटण तालुक्यातील एका पहाटेची नोंद अशा रीतीने जगभरातील विद्यार्थ्यांचा गृहपाठ झाली आहे.

खुद्द धरणाच्या भेगा बुजवून, पोलादी दोरखंडांनी ताण देऊन आणि पुढे खालच्या बाजूस आधारभिंती उभारून ते बळकट करण्यात आले. देशाच्या भूकंप-संहितेच्या १९७० च्या आवृत्तीत ‘शून्य’ धोक्याचा विभाग रद्द करण्यात आला. एका भूकंपाने नकाशावरील एक पूर्ण वर्ग नाहीसा केला, असे म्हणता येईल.

पाण्याचे वजन की पाण्याचा दाब?

धरणाचे काय झाले याचे उत्तर तुलनेने लवकर मिळाले. भूकंप का झाला, हा प्रश्न मात्र अधिक बिकट ठरला. जलाशय भरल्यानंतर भूकंप होऊ शकतात ही कल्पना नवी नव्हती. अमेरिकेतील हूवर धरणाच्या मीड जलाशयाबाबत कार्डर यांनी १९४५ मध्ये तसा संबंध मांडला होता. चीनमधील शिनफेंगजियांग (१९६२), आफ्रिकेतील करिबा (१९६३) व ग्रीसमधील क्रेमास्ता (१९६६) येथील घटना ताज्या होत्या. तरीही कोयनेच्या भूकंपानंतर भारतीय भूवैज्ञानिकांत दोन पक्ष पडले. जलाशयाशी संबंध जोडणाऱ्यांच्या विरोधात, हा नैसर्गिक भूहालचालींचा भूकंप असून जलाशय हा केवळ योगायोग आहे, असे मत आग्रहाने मांडले गेले.

या विरोधी मताला निव्वळ सरकारी बचाव मानणे अन्यायाचे ठरेल. साध्या हिशेबाने ते पटण्याजोगे होते. १०० मीटर खोल पाण्याचा तळावरील दाब सुमारे १० वातावरणांइतका असतो. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाच्या वजनामुळे येणारा दाब सुमारे १,३०० वातावरणांइतका असतो. म्हणजे जलाशयाची भर एक टक्काही होत नाही. एवढ्याशा भाराने ६.३ महत्तेचा भूकंप निर्माण होईल, हे मानणे खरोखर कठीण होते.

या कोड्याची किल्ली मातीच्या अभ्यासातून आली. कार्ल तेरझागी यांनी १९२० च्या दशकात मातीच्या कणांमधील पाण्याच्या दाबाचे महत्त्व दाखवून दिले होते. कणांना एकमेकांवर घट्ट धरून ठेवणारे बल म्हणजे एकूण दाबातून छिद्रांतील पाण्याचा दाब वजा जाता उरणारा, म्हणजे प्रभावी दाब होय. हबर्ट व रुबी यांनी १९५९ मध्ये हे तत्त्व कवचातील मोठ्या प्रस्तरभंगांना लावले. प्रस्तरभंगाच्या दोन बाजू घर्षणाने अडकलेल्या असतात. फटींतील पाण्याचा दाब वाढला की बाजूंना एकमेकींवर दाबणारे बल घटते व घर्षणही घटते. सरकविणारे बल मात्र तसेच राहते. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ पासून एका खोल विहिरीत सांडपाणी सोडले जात असताना भूकंप होऊ लागले. फेब्रुवारी १९६६ मध्ये हे काम थांबविल्यानंतरही तेथील मोठे धक्के १९६७ मध्ये, म्हणजे कोयनेच्याच वर्षी, बसले. पुढे रँजली येथील तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ या काळात पाण्याचा दाब मुद्दाम कमीजास्त करून भूकंपांची संख्या कमीजास्त होते का, हे पाहण्यात आले आणि तसे आढळलेही.

यातून प्रश्नाचे रूपच बदलले. जलाशयाची ऊर्जा भूकंपाला पुरेशी आहे का, हे विचारण्यात अर्थ उरला नाही. ऊर्जा खडकात आधीच साठलेली होती. त्या प्रस्तरभंगाला सरकण्यासाठी किती थोडे कमी पडत होते, हा खरा प्रश्न ठरला. मॅकगार व सिम्प्सन यांनी १९९७ मध्ये ‘प्रवर्तित’ व ‘उद्दीपित’ असा जो भेद केला, तो याच विचाराचा परिपाक होय. ताणाचा मोठा वाटा मानवी कृतीने दिलेला असेल तर भूकंप प्रवर्तित, आणि मानवी कृतीने केवळ निमित्त दिले असेल तर उद्दीपित. कोयना दुसऱ्या वर्गात मोडते. हा भेद जबाबदारी टाळण्याची सोय वाटू शकतो. ज्या कुटुंबाचे घर कोसळले त्याला हा शब्दच्छल वाटला तर नवल नाही, कारण जलाशय नसता तर तो भूकंप त्या दिवशी झाला नसता, हे उद्दीपनाच्या संकल्पनेतही गृहीतच आहे.

सातत्य आणि वारणा

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता, बी. के. रस्तोगी व हरि नारायण यांनी जगभरातील अशा जलाशयांची तुलना करून काही समान लक्षणे दाखविली. पाणीपातळी वाढण्याचा वेग, गाठलेली कमाल पातळी आणि ती टिकून राहण्याचा काळ हे तीन घटक त्यांनी निर्णायक मानले. आठवड्याला सुमारे १२ मीटरपेक्षा अधिक वेगाने पातळी वाढल्यास धोका वाढतो, असे कोयनेच्या नोंदींवरून सुचविले गेले. साउथ कॅरोलायना विद्यापीठातील प्रा. प्रदीप तलवानी यांनी पातळी पूर्वीचा उच्चांक ओलांडते तेव्हा भूकंप वाढतात, याकडे लक्ष वेधले. खडकाला जणू आधी सोसलेल्या भाराची आठवण राहते.

पावसाळ्यात जलाशय भरतो आणि त्यानंतरच्या महिन्यांत हादऱ्यांची संख्या वाढते. पाण्याचे वजन तत्काळ जाणवते, दाब मात्र फटींतून सावकाश खोलवर झिरपतो, हे या विलंबाचे स्पष्टीकरण होय. वारणा जलाशयात १९८५ मध्ये पाणी साठविण्यास प्रारंभ झाल्यानंतर भूकंपांचे क्षेत्र दक्षिणेकडे विस्तारले. ८ डिसेंबर १९९३ व १ फेब्रुवारी १९९४ रोजी तेथे ५ पेक्षा अधिक महत्तेचे धक्के बसले. योगायोगाचा पक्ष यानंतर फारसा उरला नाही. सुमारे ३० किलोमीटर लांब व २० किलोमीटर रुंद अशा या एकाच क्षेत्रात १९६७ पासून ५ किंवा अधिक महत्तेचे वीसहून अधिक भूकंप झाले आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांची नाभी दहा किलोमीटरच्या आतच आहे.

खडकापर्यंत

इतके सारे संशोधन जमिनीच्या पृष्ठभागावरून झाले होते. प्रस्तरभंगाजवळ प्रत्यक्ष किती ताण आहे आणि फटींतील पाण्याचा दाब किती आहे, या दोन अंकांवर सर्व सिद्धांत अवलंबून असूनही ते कोणी मोजलेले नव्हते. मार्च २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या बैठकीत खोल विंधनाच्या योजनेचा विचार झाला. त्यानंतर सुमारे दीड किलोमीटर खोलीची नऊ विवरे परिसरात घेण्यात आली. रासाटी येथील विवरात ९३२.५ मीटर बसाल्ट भेदल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइस खडक लागला. मध्ये गाळाच्या खडकाचा थर असावा, ही अटकळ तेथे खोटी ठरली. कराड येथे केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली आणि २०१६-१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे पथदर्शी विवर पूर्ण झाले. त्यात बसाल्टची जाडी १,२४७ मीटर आढळली.

विवराच्या बंद केलेल्या भागात दाबाने पाणी सोडून खडकाला बारीक चीर पाडणे व ती कोणत्या दाबाला उघडते-मिटते यावरून ताण ठरविणे, ही भू-यामिकीची परिचित पद्धत आहे. ती वापरण्याजोगी जागा कोयनेत मिळण्यास भूकंपानंतर पन्नास वर्षे लागली. गोठण्याचे विवर तीन किलोमीटरवर थांबते. परिसरातील बऱ्याच भूकंपांच्या नाभी त्याहून खाली आहेत.