दत्तपूरचे कुष्ठधाम आणि अर्बुदातील पेशी

आम्ही वर्धा जिल्ह्यात साहित्य शिकवतो. वैद्यक हे आमचे क्षेत्र नव्हे. तरीही कर्करोगावरील प्रतिकारोपचारांचा इतिहास वाचताना आम्हांस प्रथम आठवले ते मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूरला काढलेले कुष्ठधाम. कुष्ठाचा जंतू एकच. पण एकाच्या त्वचेत लसिकापेशींची दाट फळी असते आणि जंतू जवळजवळ दिसत नाहीत, तर दुसऱ्याच्या त्वचेत जंतूंचे थवे आणि लसिकापेशी विरळ. रिडली व जॉपलिंग यांचे १९६६ चे वर्गीकरण याच भेदावर उभे आहे. मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर कुष्ठ आणि कर्क या दोहोंचे अभ्यासक होते, हा आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाही.

अर्बुदातील पांढऱ्या पेशी फिरखोने १८६३ सालीच पाहिल्या होत्या. त्या लढवय्या असतात, पण पुष्कळदा पीडी-१ या प्रथिनाद्वारे थोपवल्या जातात, हे उमगायला शतकाहून अधिक काळ लागला. निव्होलुमॅब तो अडसर काढते. मात्र आत पेशीच नसतील तर अडसर काढून धावणार कोण?

परळच्या टाटा रुग्णालयाने डोके-मानेच्या प्रगत कर्करोगात तोंडावाटे द्यायच्या औषधांना अवघ्या २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबची जोड दिली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत वर्षअखेर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ ऐवजी ४३.४ टक्के आढळले. खर्ऱ्याच्या आमच्या मुलखात हा आकडा थोडा नव्हे. उरलेल्यांच्या अर्बुदांत मात्र पेशी थोपलेल्या होत्या, की पोचल्याच नव्हत्या?