घंटी, कंदील आणि कायदा

रस्त्यावरील अपघातांसंबंधी आपल्या समाजात एक अलिखित न्याय फार दिवसांपासून रूढ आहे. दोन वाहनांची टक्कर झाली, की भोवती जमणारी गर्दी प्रथम वाहनांचा आकार पाहते, आणि मोठ्या वाहनाचा दोष तत्क्षणी निश्चित होतो. मोटार व सायकल यांच्यात मोटार दोषी, सायकल व पादचारी यांच्यात सायकल दोषी, असा हा निवाडा असतो. त्यात करुणा आहे, काही अंशी अनुभवाचे बळही आहे. परंतु तो कायदा नव्हे. एखादा सायकलस्वार तांबडा दिवा ओलांडून, अथवा रात्री कंदिलावाचून उलट्या बाजूने येऊन मोटारीवर आदळला, दरवाजा चेपला, काच फुटली, कदाचित चालकासही इजा झाली, तर ती भरपाई कोणी करावयाची? मोटारीस विमा सक्तीचा आहे, सायकलीस नाही. मग हा विमा नसलेला मनुष्य जबाबदार आहे की नाही? आणि असल्यास ती जबाबदारी प्रत्यक्षात वसूल कशी होते? ह्या साध्या प्रश्नामागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

सायकल इंग्लंडच्या रस्त्यांवर धावू लागली, तेव्हा तिला कोणत्या वर्गात घालावे हेच तेथील न्यायालयांपुढे कोडे होऊन बसले. तेथील हमरस्त्यांचा कायदा १८३५ सालचा, म्हणजे घोडे आणि घोडागाड्या डोळ्यांपुढे ठेवून केलेला. बेफाम गाडी हाकणाऱ्यास त्यात दंड होता. पण सायकल ही 'गाडी' होय काय? १८७९ साली 'टेलर विरुद्ध गुडविन' ह्या खटल्यात न्यायालयाने होय असा निर्णय दिला, आणि भरधाव सायकल हाकणारा दंडास पात्र ठरला. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी 'विल्यम्स विरुद्ध एलिस' ह्या प्रकरणी रस्त्याच्या पथकराचा प्रश्न निघाला, तेव्हा सायकल ही त्या करापुरती गाडी नव्हे असे ठरले. दंड भरण्यासाठी गाडी, कर भरण्यासाठी नव्हे! ही विसंगती हास्यास्पद वाटली तरी तिच्यात एक तत्त्व आहे. सायकल रस्ता झिजवीत नाही, म्हणून तिच्याकडून कर घेणे अन्यायाचे. पण ती माणसास पाडू शकते, म्हणून तिला मोकाट सोडणेही अन्यायाचे. पुढे १८८८ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्याने सायकलीस स्पष्ट शब्दांत गाडी म्हटले, आणि तिच्यावर दोन बंधने घातली: रात्री कंदील लावणे, आणि कोणास मागे टाकून जाताना घंटी वाजवून सूचना देणे. १८७२ च्या एका कायद्यान्वये मद्यधुंद स्थितीत गाडी बाळगणे हा गुन्हा होता. १९५० साली इल्फ्राकोम गावी सायकल हाताने ढकलीत चाललेल्या एका मद्यपी गृहस्थास पोलिसांनी ह्याच कायद्याखाली धरले, आणि वरिष्ठ न्यायालयानेही सायकल ही गाडीच होय असे म्हणून ती शिक्षा कायम केली.

आपल्याकडे हा घोळ झाला नाही, ह्याचे श्रेय १८६० च्या दंडसंहितेच्या शब्दयोजनेस द्यावयास हवे. तिच्या २७९ व्या कलमात सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याबरोबरच स्वार होऊन जाणाऱ्याचाही निर्देश होता. कलम लिहिणाऱ्याच्या मनात घोडेस्वार असणार हे उघड आहे. पण घोडा गेला, सायकल आली, आणि तोच शब्द तिच्या स्वारास जसाच्या तसा लागू पडला. ही संहिता १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली, आणि तेच कलम आता भारतीय न्याय संहितेत २८१ व्या क्रमांकाने नांदत आहे. ह्या फौजदारी जबाबदारीच्या जोडीस नगरपालिकांचे नियम असत. पुण्याच्या जुन्या पिढीस सायकलीचा तो बिल्ला, कंदील विझला म्हणून चौकात हटकणारा शिपाई आणि 'डबलसीट'चा दंड अजून आठवत असेल. थोडक्यात, सायकलस्वार हा कायद्याच्या नजरेतून कधीच सुटलेला नव्हता.

आता दिवाणी बाजू पाहू. ज्याच्या हयगयीने दुसऱ्याचे नुकसान झाले, त्याने ते भरून द्यावे, हे तत्त्व वाहनाचा आकार पाहत नाही. सायकलस्वाराची हयगय सिद्ध झाली, तर मोटारीच्या दुरुस्तीचा खर्च, आणि चालकास इजा झाली असल्यास तिची भरपाई, ही सायकलस्वाराच्या अंगावर येते. परंतु बहुतेक अपघातांत दोष एकाच पक्षाचा नसतो, आणि येथे इंग्लिश कायद्याने बराच काळ मोठी कठोर वाट चोखाळली. १८०९ च्या 'बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर' ह्या खटल्यात प्रतिवादीने रस्त्यावर आडवा वासा टाकला होता. फिर्यादी घोडा भरधाव फेकीत आला व पडला. त्याने बेताने घोडा हाकला असता तर वासा दिसला असता, म्हणून त्यास काहीच मिळाले नाही. १८४२ च्या 'डेव्हिस विरुद्ध मान' मध्ये पाय बांधून रस्त्यावर सोडलेले गाढव गाडीखाली चिरडले गेले. तेथे, अपघात टाळण्याची शेवटची संधी ज्याच्या हाती होती त्याच्यावर सर्व भार पडला, आणि गाढवाच्या मालकास भरपाई मिळाली. म्हणजे एकास सर्व, दुसऱ्यास शून्य. दोषाची वाटणी करण्याची सरळ पद्धत ब्रिटिश पार्लमेंटने १९४५ साली कायदा करून स्वीकारली. तसा स्वतंत्र कायदा आपल्याकडे झाला नाही, तरी आपली न्यायालये दोषाच्या प्रमाणात भरपाई विभागून देतात. सायकलस्वाराचा दोष तीन भाग व मोटारचालकाचा एक भाग ठरला, तर मोटारीच्या चार हजारांच्या नुकसानीपैकी तीन हजार सायकलस्वाराचे, आणि सायकलीच्या चारशेंच्या नुकसानीपैकी शंभर मोटारचालकाचे.

विम्याची कथा मात्र निराळी आहे. मोटारींची संख्या वाढली, तशी एक अडचण ध्यानात आली: जखमी माणसास न्यायालय हुकूमनामा देते, पण मोटारवाल्याजवळ देण्यास पैसाच नसतो. ह्या अडचणीतून ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने तृतीयपक्षी विमा सक्तीचा झाला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद आली. तिचा अंमल १९४६ पासून झाला, आणि १९८८ च्या कायद्यात ती कायम राहिली. परंतु मोटार वाहन म्हणजे यांत्रिक शक्तीने चालणारे वाहन, अशी व्याख्या असल्यामुळे सायकल तिच्या बाहेर राहिली. ती विसरली म्हणून राहिली असे नव्हे. टनभर वजनाचे यंत्र वेगाने रस्त्यावर आणणारा मनुष्य जो धोका निर्माण करतो, तो पायटे मारणाऱ्या माणसाच्या धोक्याहून जातीनेच वेगळा, हा त्यामागील विचार आहे. ही सीमारेषा आजही जपलेली दिसते: २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची व ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी विजेरीची गाडी आपल्या नियमांनी मोटार वाहन मानलेली नाही.

ह्याचा परिणाम असा, की सायकलस्वाराची जबाबदारी जुन्या काळच्या जबाबदारीसारखी उघडीवाघडी राहिली. त्याच्यामागे कंपनी नाही. जे आहे ते त्याच्या खिशात आहे. आता मोटारवाल्याने दिवाणी दावा लावला आणि हुकूमनामा मिळविला असे समजू. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम येथे आडवे येते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे ह्यांवर जप्ती येत नाही. मजुराची व घरगड्याची मजुरी तर सर्वस्वी मुक्त आहे. आणि कर्ज फेडण्याची ऐपतच नसलेल्या ऋणकोस केवळ त्या कारणाने तुरुंगात घालता येत नाही, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० साली सर्वोच्च न्यायालयाच्या वतीने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. म्हणून मजूर सायकलस्वाराविरुद्धचा हुकूमनामा हा बहुधा कागदच राहतो, आणि शहाणा मोटारवाला त्या भानगडीत न पडता स्वतःच्या व्यापक विम्यातून दुरुस्ती करून घेतो.

पण ह्याच कलमात पगारदाराची व्यवस्था निराळी आहे, आणि ती आम्हा कारकुनांनी नीट वाचून ठेवण्याजोगी आहे. पगारातील पहिले एक हजार रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश एवढेच जप्तीपासून मुक्त. बाकीच्या तिसऱ्या हिश्श्यास हात लागू शकतो. श्रीमंतास विमा तारतो, निर्धनास त्याचे दारिद्र्य तारते, आणि मधल्या मनुष्यास त्याची हजेरीपत्रकावरील सही धरून देते! एके काळी दिल्लीच्या सचिवालयाकडे सकाळी सायकलींचा लोंढा चालत असे, आणि सरकार आपल्या नोकरांस सायकल घेण्यासाठी अग्रिम रक्कम देत असे. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर २०१६ साली ती अग्रिम बंद झाली. ती कित्येक वर्षे चालू होती, पण तिच्या जोडीस दहा-वीस रुपयांचा जबाबदारीचा विमा असावा असे कोणास सुचले नाही. वाहन द्यावे, पण वाहनाबरोबर येणाऱ्या ऋणाचा विचार करू नये, ही आपली जुनी रीत आहे.

तथापि सायकलस्वाराच्या दोषाची खरी वसुली दिवाणी दाव्यात होतच नाही. ती होते मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे, आणि उलट्या दिशेने. टक्करीत हाड मोडते ते सायकलस्वाराचे; भरपाई मागावयास येतो तो, किंवा त्याची विधवा, किंवा त्याचे वृद्ध आईबाप. तेथे विमा कंपनीचा वकील उभा राहतो आणि विचारतो: दिवा होता काय? हात दाखविला होता काय? कोणत्या बाजूने येत होता? मुंबईत सार्वजनिक बसशी टक्कर होऊन मरण पावलेल्या एका तरुण सायकलस्वाराचे प्रकरण २००३ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मृताची स्वतःची हयगय अपघातास कितपत कारण झाली ह्याचा विचार त्यात झाला, आणि तेवढ्या प्रमाणात आईबापांच्या भरपाईस कात्री लागली. जो हिशेब मोटारवाला सायकलस्वाराच्या घरी जाऊन मागू शकत नाही, तो असा मृत्यूनंतर वजाबाकीने चुकता होतो. सायकलस्वाराची जबाबदारी केवळ कागदावर आहे असे म्हणणाऱ्यांनी ही वजाबाकी अवश्य पाहावी.

ह्याला उपाय म्हणून इतर देशांनी निरनिराळे मार्ग काढले. स्वित्झर्लंडमध्ये सायकलीस वार्षिक विम्याची चिठ्ठी डकविणे सक्तीचे होते. ती सक्ती २०१२ च्या आरंभी उठविण्यात आली. जपानमध्ये उलट घडले. कोबे येथे एका ११ वर्षांच्या मुलाच्या सायकलीची धडक बसून एक वृद्धत्वाकडे झुकलेली पादचारी स्त्री कायमची विकल झाली, आणि २०१३ साली न्यायालयाने त्या मुलाच्या आईस सुमारे साडेनऊ कोटी येन भरण्यास सांगितले. त्या धक्क्यानंतर २०१५ साली ह्योगो प्रांताने सायकलीचा विमा सक्तीचा केला, व इतर अनेक प्रांतांनी त्याचे अनुकरण केले. ब्रिटनमध्ये सक्ती नाही. पण १८७८ साली स्थापन झालेली सायकलस्वारांची जुनी संस्था आपल्या सभासदांस वर्गणीतच तृतीयपक्षी विम्याचे छत्र देते. नेदरलंड्‌सने मात्र गर्दीच्या न्यायाला जवळ जाणारा नियम केला: मोटारीने जखमी झालेल्या सायकलस्वाराचा दोष असला, तरी साधारणतः निम्मी भरपाई त्यास मिळावीच, आणि १४ वर्षांखालील मुलास पूर्ण मिळावी.

आपल्या देशास ह्यांपैकी कोणता मार्ग मानवेल? सक्ती करावी असे मला वाटत नाही. ज्या देशात सायकल ही दूधवाल्याची, सुताराची, शाळेत जाणाऱ्या मुलीची आहे, तेथे विम्याच्या चिठ्ठीवाचून रस्त्यावर येऊ नका असे म्हणणे म्हणजे अनेकांस पायी चालावयास लावणे होय. परंतु ब्रिटनच्या त्या संस्थेप्रमाणे वर्गणीतून मिळणारे ऐच्छिक संरक्षण आपल्याकडील पतपेढ्यांना, कामगार संघांना, कचेऱ्यांतील सहकारी संस्थांना सहज देता येईल. आणि भरपाईतील वजाबाकीचा प्रश्न आहे तेथे नेदरलंड्‌सचा नियम आपल्या विधिमंडळांनी अभ्यासावा. कारण मृताच्या चुकीचे प्रायश्चित्त त्याच्या मुलांच्या ताटातून घेणे हे न्यायाच्या कोणत्याही कल्पनेत सुखाने बसत नाही. १ एप्रिल २०२२ पासून आपल्या कायद्यानेही ह्या दिशेने एक पाऊल टाकले आहे: मोटार अपघातात मृत्यू आल्यास पाच लाख व गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये, दोष कोणाचा हे न विचारता, मागता येतात.

१८८८ च्या कायद्याने सायकलस्वाराकडे कंदील आणि घंटी ह्या दोनच वस्तू मागितल्या होत्या. त्यांतील एक स्वतः दिसण्यासाठी आणि दुसरी इतरांस सावध करण्यासाठी. ह्या दोहोंची किंमत अद्यापि फारशी वाढलेली नाही. विमा येईल तेव्हा येवो. तोवर ज्याच्यामागे कोणतीही कंपनी उभी नाही, त्याने निदान ह्या दोन वस्तू तरी विसरू नयेत.