आठ आणे

उस्मानाबादेत (म्हणजे आताच्या धाराशिवात) लहानपणी आमच्या गल्लीचा कायदा होता: ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. बॅट माझी होती. कोपऱ्यावरच्या घरातला एक पोरगा तासन्‌तास बोलिंग टाकायचा आणि त्याची बॅटिंग यायच्या आत अंधार पडायचा. परवा शनिवारी जॉन ग्लेनी ग्रीगबद्दल वाचताना तो पोरगा आठवला.

आता हा ग्रीग कोण? जन्म १८७१, आपल्या महूचा. हिंदुस्थानातल्या फौजेत अधिकारी. इंग्लंडला असला की हॅम्पशायरकडून कौंटी क्रिकेट खेळायचा, तेही ॲमॅच्युअर म्हणून, म्हणजे मानधन न घेता. पैसे घेणारे ते प्रोफेशनल, त्यांची ड्रेसिंग रूमसुद्धा वेगळी! (अप्रेझलमध्ये आपण कौतुकानं वापरतो तोच शब्द.) हा भेद थेट १९६२ साली मोडला. १९०१ मध्ये ग्रीगनं लँकेशायरविरुद्ध नाबाद २४९ ठोकले. पुढे कर्नल झाला, आणि उतारवयात चक्क कॅथलिक पाद्री. १९५८ मध्ये वारला.

पण या २४९ च्या मागे पुण्यातलं नेट आहे. १८९० च्या दशकात साहेबांच्या जिमखान्यावर पाळवणकर बाळू नावाचा चांभाराचा मुलगा पिच राखायचा. पगार महिना चार रुपये. ग्रीग इतरांच्या आधी मैदानावर यायचा आणि बाळूला बोलिंग टाकायला लावायचा. 'मला आऊट केलंस की आठ आणे' अशी बोली होती, असं सांगतात. करा हिशोब! आठ वेळा साहेबाला उडवलं की एका महिन्याचा पगार. बाळूची डावखुरी फिरकी अशी घोटली गेली. बॅट मात्र तिथं त्याच्या हातात कुणी दिली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबला साहेबांना हरवायचं होतं, म्हणून बाळूला घेतलं. त्यानं टाकलेला चेंडू सगळे हातात घ्यायचे, पण त्याचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूच्या आठ विकेट. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात तर शंभरावर. तरी हिंदू संघाचं कप्तानपद त्याला मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

ग्रीगला खलनायक म्हणावंसं वाटत नाही. बाळूची बोलिंग भारी आहे हे त्यानं ओळखलं, आणि त्याचा मोबदला दिला. फक्त बॅट कुणाची, हा प्रश्न त्याला कधी पडला नसावा.

मलाही पडला नव्हता. आणि मी तर त्या पोराला आठ आणेही दिले नाहीत.